बाहुली एका बाजूला सरकू लागली तर: आयसीई सिंड्रोमचे निदान टप्प्याटप्प्याने

एका डोळ्याची बाहुली मधली जागा सोडून हळूहळू कडेला सरकू लागते, तिचा गोल आकार जाऊन ती थेंबासारखी किंवा लांबट दिसू लागते, आणि काही वर्षांनी बुबुळालाच भोके पडून एका डोळ्यात दोन-तीन बाहुल्या असल्याचा भास होतो. हे ज्या दुर्मीळ आजारात घडते त्याचे पूर्ण नाव इरिडोकॉर्नियल एंडोथेलियल सिंड्रोम असे लांबलचक असल्यामुळे नेत्रतज्ज्ञ त्याला आयसीई सिंड्रोम म्हणतात. तो बहुधा २० ते ५० या वयात, पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आणि जवळजवळ नेहमी एकाच डोळ्यात आढळतो.

आजार दुर्मीळ असल्याने निदानाला उशीर होतो हे खरे. पण माझ्या मते उशिराचे मोठे कारण वेगळे आहे. बाहुली सरकलेली दिसली की जुना मार लागला असेल असे समजले जाते, कॉर्नियाला सूज दिसली की ती कॉर्नियाची तक्रार ठरते, आणि डोळ्यातला दाब वाढलेला आढळला की काचबिंदूचे, म्हणजे दृष्टीच्या नसेची हानी करणाऱ्या आजाराचे, थेंब सुरू होतात. तिन्ही गोष्टी एकाच मुळातून निघालेल्या आहेत, हे त्या एकत्र पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच पुढे तपासणीचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत, तो क्रम महत्त्वाचा आहे.

आधी शब्दांविषयी. बोलण्यात ‘बुबुळ’ हा शब्द कधी डोळ्याच्या सगळ्याच काळ्या भागाला वापरतात. येथे बुबुळ म्हणजे बाहुलीभोवतीची रंगीत चकती, म्हणजेच आयरिस. तिच्यासमोरचा काचेसारखा पारदर्शक भाग म्हणजे कॉर्निया. हे दोन्ही कडेला जिथे एकमेकांना भेटतात ती खाच म्हणजे कोन. डोळ्यात सतत तयार होणारे पाणी या कोनातल्या जाळीतून झिरपून बाहेर जाते.

आजाराचे मूळ कोठे आहे

बुबुळ झिजलेले दिसते म्हणून आजार बुबुळाचा, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात सुरुवात होते ती कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या अस्तरात. एंडोथेलियम नावाचे हे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते. या पेशी कॉर्नियात शिरणारे पाणी सतत बाहेर टाकतात आणि त्यामुळेच कॉर्निया पारदर्शक राहतो. निरोगी डोळ्यात त्या आपली जागा सोडत नाहीत आणि प्रौढ वयात त्यांची संख्या भरूनही निघत नाही. आयसीई सिंड्रोममध्ये यांतील काही पेशींचा स्वभावच पालटतो. त्या वाढू लागतात, सरकू लागतात, कोनावरून पलीकडे जाऊन बुबुळावर पसरतात आणि जाताना आपल्याखाली एक पातळ पापुद्रा अंथरत जातात.

हा पापुद्रा आकसतो, आणि पुढचे सारे त्या आकसण्यातून घडते. बुबुळाची कड ओढली जाऊन कॉर्नियाला चिकटते, बाहुली त्या दिशेला खेचली जाते, आणि विरुद्ध बाजूचे बुबुळ ताणून ताणून पातळ होते व शेवटी फाटते. कोनावर पापुद्रा चढल्याने पाण्याची वाट अडते आणि दाब वाढतो.

हे चित्र जुळवायला वैद्यकशास्त्राला पाऊण शतक लागले. १९०३ मध्ये हार्म्स यांनी बुबुळाच्या झिजेचे वर्णन केले. १९५६ मध्ये पॉल चँडलर यांनी कॉर्नियाची सूज आणि काचबिंदू एकत्र आढळणारे रुग्ण वेगळे नोंदवले, तर १९६९ मध्ये कोगन आणि रीज यांनी बुबुळावर गाठी असणारे रुग्ण. हे तीन निराळे आजार मानले जात होते. १९७८ मध्ये डेव्हिड कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पापुद्र्याचा सिद्धांत मांडला आणि पुढच्याच वर्षी मायरन यानॉफ यांनी तिन्हींना एका नावाखाली आणले. पेशींचा स्वभाव मुळात का पालटतो याचे उत्तर अजून पक्के नाही. काही रुग्णांच्या कॉर्नियात हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचे जनुकीय अंश सापडल्यामुळे संशयाची सुई तिकडे वळलेली आहे.

पहिला टप्पा: तक्रार नीट ऐकणे आणि जुने फोटो पाहणे

रुग्ण दोनपैकी एका वाटेने येतो. पहिली वाट आरशाची: बाहुली वेडीवाकडी दिसते, किंवा फोटोत एक डोळा वेगळा वाटतो असे घरातले कोणीतरी सांगते. दुसरी वाट धूसर दिसण्याची. येथे एक प्रश्न आवर्जून विचारावा: धूसरपणा सकाळी उठल्यावर जास्त असतो आणि दिवस चढेल तसा कमी होतो का? झोपेत पापण्या मिटलेल्या असल्याने कॉर्नियातले पाणी उडून जात नाही. ज्याचे अस्तर दुबळे झाले आहे अशा कॉर्नियावर त्यामुळे रात्रभरात सूज चढते आणि डोळे उघडे राहिल्यावर ती ओसरते. दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे हेही याच सुजेचे लक्षण असते. बुबुळाला भोके पडली असतील तर उजेडाचा त्रास होतो आणि एकच डोळा उघडा ठेवूनही प्रतिमा दुहेरी दिसू शकते.

मागच्या आठ-दहा वर्षांतले, चेहरा जवळून दिसेल असे काही फोटो रुग्णाने सोबत न्यावेत. परवान्यावरचा किंवा ओळखपत्रावरचा फोटोही चालतो. तो मोठा करून पाहिला की बाहुली त्या वर्षी मध्यभागी होती की नव्हती हे दिसते. जन्मापासूनची वाकडी बाहुली आणि मोठेपणी सरकलेली बाहुली यांतला फरक एवढ्या साध्या पुराव्याने अनेकदा स्पष्ट होतो, आणि निदानाची अर्धी दिशा तिथेच ठरते.

डोळ्याला कधी मार लागला होता का, शस्त्रक्रिया झाली होती का, डोळा लाल होऊन दुखण्याचे झटके आले होते का, घरात आणखी कोणाला असे आहे का, हे चार प्रश्न विचारून उत्तरे लिहून ठेवावीत. आयसीई सिंड्रोममध्ये या चारही प्रश्नांचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते.

दुसरा टप्पा: दृष्टी, दाब आणि कॉर्नियाची जाडी

दृष्टी तपासून झाल्यावर दोन्ही डोळ्यांचा दाब मोजतात. दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा एवढा असतो. मात्र सुजलेल्या कॉर्नियावर हा आकडा फसवा ठरू शकतो. नेहमीचे यंत्र कॉर्निया दाबून मोजमाप घेते, आणि पाणी भरून मऊ पडलेला कॉर्निया सहज दबला जात असल्याने दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. त्यामुळे दाबासोबत जाडीही मोजून घ्यावी. कॉर्नियाच्या मध्यभागाची जाडी सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. एका डोळ्यात ती दुसऱ्यापेक्षा बरीच अधिक भरली तर सूज आहे असे समजावे. शक्य असल्यास एखादी तपासणी सकाळी लवकर ठरवावी, कारण दुपारपर्यंत ओसरलेली सूज दुपारच्या तपासणीत सापडत नाही.

तिसरा टप्पा: स्लिट लॅम्प, आणि तोही बाहुली मोठी करण्याआधी

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीच बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी असते. ज्याची तक्रारच बाहुलीच्या आकाराची आहे अशा रुग्णाने त्या वेळी थांबवून सांगावे की आधी डॉक्टरांना डोळा असाच दाखवायचा आहे. थेंब घातल्यावर बाहुलीचा मूळ आकार कळत नाही, बुबुळ आक्रसून त्यावरचे बारकावे लपतात, आणि पुढच्या टप्प्यातली कोनाची तपासणीही खात्रीची राहत नाही.

स्लिट लॅम्पखाली, म्हणजे प्रकाशाची बारीक फीत टाकणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली, बुबुळाकडे पाहताना बाहुली कोणत्या दिशेला खेचली गेली आहे, त्याच दिशेला बुबुळाची कड कॉर्नियाला चिकटली आहे का, आणि समोरच्या बाजूचे बुबुळ विरळ झाले आहे का, हे तीन मुद्दे एका रेषेत जुळतात का ते तपासावे. बुबुळाच्या मागच्या बाजूचा काळा थर बाहुलीच्या काठावरून पुढे उलटलेला दिसतो का, तेही नोंदवावे. भोके दोन तऱ्हांची असतात: ओढ बसून विरुद्ध बाजूला पडलेली, आणि ओढ नसतानाही रक्तपुरवठा तुटल्यामुळे बुबुळ जणू विरघळून पडलेली. काही डोळ्यांत मात्र बुबुळ फाटलेले नसते; त्याच्या पृष्ठभागावरच्या नैसर्गिक घड्या-खळगे बुजून ते सपाट, लिंपल्यासारखे दिसते आणि त्यावर देठ असलेल्या बारीक तपकिरी गाठी उगवलेल्या असतात. या गाठी म्हणजे नवी वाढ नसते. पापुद्र्याच्या कचाट्यात सापडून चिमटीत धरल्यासारखे वर आलेले ते बुबुळाचेच अंश असतात.

यानंतर प्रकाशाची बारीक फीत कॉर्नियावर अशा कोनात टाकतात की अस्तरावरून परावर्तित झालेली चकाकी थेट भिंगात यावी. सराव नसेल तर ही जागा सापडायला वेळ लागतो. प्रकाशाचा हात थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे करत राहावे लागते. ती सापडली की उजळलेल्या छोट्या पट्ट्यात निरोगी अस्तर गुळगुळीत चमकते. आयसीई सिंड्रोममध्ये तोच पट्टा तांबटाने ठोके दिलेल्या भांड्यासारखा, बारीक बारीक खळग्यांचा दिसतो. वैद्यकीय पुस्तकांत याला ठोक्याच्या चांदीची उपमा दिलेली आहे आणि ती अगदी चपखल आहे. लगेच तीच फीत दुसऱ्या डोळ्यावर टाकून दोहोंची तुलना करावी. ही तुलना वगळणे ही या टप्प्यावरची सर्वांत मोठी चूक होय.

चौथा टप्पा: गोनिओस्कोपी

कोन समोरून दिसत नाही, कारण तिथून निघालेला प्रकाश कॉर्नियाच्या आतच परावर्तित होतो. त्यासाठी डोळा बधिर करणारा थेंब घालून आरसे बसवलेले भिंग कॉर्नियावर टेकवतात; हीच गोनिओस्कोपी. दुखत नाही, डोळ्यावर काहीतरी टेकल्याची जाणीव तेवढी होते आणि दोन-चार मिनिटांत तपासणी आटोपते.

दिसायला हवे ते असे. काचबिंदूच्या इतर प्रकारांतही बुबुळ कोनाला चिकटते, पण ते चिकटणे बहुधा जाळीपर्यंतच पोहोचते. आयसीई सिंड्रोममध्ये बुबुळाच्या कडा जाळी ओलांडून, जिथे कॉर्नियाचे अस्तर संपते त्या श्वाल्बे रेषेपर्यंत किंवा तिच्याही पुढे चढलेल्या असतात, तंबूच्या दोऱ्या ताणून उंच खुंटीला बांधाव्यात तशा. इतक्या उंच चढलेल्या कडा, त्याही एकाच डोळ्यात आणि डोळा पूर्वी कधी लाल झालेला नसताना, हा पुरावा फार भक्कम मानावा. भिंगाने हलका दाब देऊन पाहिले की बुबुळ नुसते टेकले आहे की खरोखर चिकटले आहे हेही कळते.

येथे एक फसगत होते. कधी कधी कोन बराचसा उघडा दिसतो आणि दाब मात्र वाढलेला असतो, कारण पारदर्शक पापुद्रा जाळीवर पसरलेला असतो आणि तो डोळ्याला दिसत नाही. म्हणून कडा किती चिकटल्या आहेत यावरून दाबाचा अंदाज बांधू नये. दुसरी फसगत त्याहून महागात पडते: चिकटलेल्या कडा पाहून हा अरुंद कोनाचा काचबिंदू आहे असे ठरवले जाते आणि लेझरने बुबुळाला छिद्र पाडले जाते. तो उपाय बाहुलीपाशी पाणी अडल्यावर करायचा असतो. येथे अडथळा बाहुलीपाशी नसतोच, त्यामुळे त्या छिद्राचा उपयोग होत नाही.

कॉर्निया धूसर असल्यामुळे आतले दिसत नसेल तर ग्लिसरीनचा थेंब घालून तो थोडा वेळ स्वच्छ करता येतो. तेवढ्यानेही भागले नाही तर अल्ट्रासाउंड बायोमायक्रोस्कोपी (ध्वनिलहरींनी चित्र घेणे) किंवा डोळ्याच्या पुढच्या भागाचे ओसीटी (प्रकाशाने थरांचे चित्र घेणे) करून कोनाचे छेदचित्र मिळवतात.

पाचवा टप्पा: स्पेक्युलर मायक्रोस्कोपी

सारा संशय ज्या चाचणीत पक्का होतो किंवा मोडतो, ती ही. यंत्रासमोर हनुवटी टेकवून एका ठिपक्याकडे पाहायचे असते आणि यंत्र कॉर्नियाच्या अस्तराचा मोठा करून फोटो घेते. निरोगी फोटोत मधमाशांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरे दिसतात. घर उजळ, कडा काळसर. प्रौढ माणसात दर चौरस मिलिमीटरला अशा साधारण २५०० ते ३००० पेशी असतात.

आयसीई पेशी याच्या नेमक्या उलट, फोटोच्या निगेटिव्हसारख्या दिसतात: पेशीचे अंग काळे, तिच्या मध्यावर एक उजळ ठिपका, आणि कडा पांढुरक्या. असे चित्र एका डोळ्यात दिसले, दुसऱ्यात नेहमीचे पोळे दिसले आणि आधीच्या टप्प्यांतल्या खुणा जुळल्या, की निदान झाले असे म्हणायला हरकत नाही.

अहवाल वाचताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. छापील कागदावर पेशींची संख्या ठळक अक्षरांत असते आणि सगळ्यांची नजर तिच्याकडेच जाते; पण यंत्राची मोजदाद नेहमीच्या पेशी गृहीत धरून चालते, उलट्या रंगांच्या पेशींच्या कडा तिला नीट ओळखता येत नाहीत आणि आकडा भलताच येऊ शकतो. आकडा बाजूला ठेवून चित्र पाहावे. दुसरे असे की विकृत पेशी दरवेळी सगळ्या कॉर्नियाभर असतात असे नाही. कधी अर्धे अस्तर बिघडलेले आणि अर्धे चांगले असते, व मधली सीमारेषा स्पष्ट दिसते. यंत्राने फक्त मध्यभागाचा फोटो घेतला आणि बिघाड कडेला असला, तर अहवाल ‘सामान्य’ येतो. त्यासाठी मध्य, वर, खाली आणि दोन्ही बाजू अशा निदान पाच ठिकाणचे फोटो मागावेत, आणि जिकडे बाहुली सरकली आहे त्या बाजूचा तर हमखास मागावा.

सुजेमुळे स्पेक्युलर फोटोच येत नसेल तर कॉन्फोकल मायक्रोस्कोपीने सुजलेल्या कॉर्नियातूनही पेशी पाहता येतात.

सहावा टप्पा: कोणता प्रकार, आणि दुसरे काही तर नाही ना

प्रकार तीन. बुबुळाची झीज, भोके आणि सरकलेली बाहुली ठळक असेल तर तो बुबुळझिजेचा प्रकार. बुबुळ जवळजवळ ठीक, पण कॉर्नियाची सूज पुढे, आणि तीही दाब फारसा वाढलेला नसताना, तर चँडलर सिंड्रोम. गाठी आणि सपाट बुबुळ असेल तर कोगन-रीज सिंड्रोम. या वर्गवारीत फार अडकू नये. एकच डोळा काही वर्षांत एका प्रकारातून दुसऱ्याकडे झुकलेला दिसू शकतो, आणि उपचार नावावरून नव्हे तर दाब व सूज पाहून ठरतात.

दुसरा आजार नाही ना, हे पाहणे त्यापेक्षा मोलाचे. सर्वांत जास्त गल्लत ॲक्सेनफेल्ड-रीगर सिंड्रोमशी होते, कारण त्यातही बाहुली सरकलेली असते आणि बुबुळाला भोके असतात. पण तो जन्मजात आणि दोन्ही डोळ्यांत असतो, वंशपरंपरेने येतो, पीआयटीएक्स२ किंवा एफओएक्ससी१ या जनुकांतल्या दोषाशी त्याचा संबंध असतो, आणि दात लहान किंवा कमी असणे, बेंबीभोवती जादा कातडी असणे अशा खुणा शरीरावर इतरत्रही सापडतात. पोस्टेरियर पॉलिमॉर्फस डिस्ट्रॉफी या कॉर्नियाच्या आजारात अस्तराच्या पेशी अशाच वागतात, पण तोही आजार बहुधा दोन्ही डोळ्यांत आणि कुटुंबात आढळणारा आहे. फुक्स डिस्ट्रॉफी या कॉर्नियाच्या दुसऱ्या आजारात सकाळची सूज असते. मात्र दोन्ही डोळ्यांच्या अस्तरांवर बारीक उंचवटे दिसतात आणि बुबुळ शाबूत असते. हर्पिसमुळे आलेल्या दाहात बुबुळाचा एखादाच पट्टा झिजतो, पण डोळा लाल होऊन दुखल्याचा इतिहास असतो. उतारवयात बुबुळाचे तंतू सुटे होऊन पाण्यात लोंबू लागले तर तो इरिडोस्कायसिस.

गाठी असतील तेव्हा बुबुळाचा मेलॅनोमा (रंगपेशींचा कर्करोग) नाही याची खात्री करूनच पुढे जावे. कोगन-रीजच्या गाठी कर्करोग समजून डोळाच काढून टाकला गेल्याची उदाहरणे वैद्यकीय इतिहासात आहेत, आणि उलट चूकही तितकीच घातक ठरेल. शंका राहिली तर डोळ्यांच्या कर्करोगाच्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

सातवा टप्पा: नसेची किती हानी झाली

आयसीई सिंड्रोमच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना पुढेमागे काचबिंदू होतो, आणि दृष्टी कायमची जाते ती बहुधा त्यामुळेच. म्हणून निदान झाले त्याच सुमारास दृष्टीच्या नसेची तपासणी, तिच्या तंतूंचे ओसीटी आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी करून सुरुवातीची नोंद तयार ठेवावी. बाहुली मोठी करायची असेल तर ती आता करावी.

निदानानंतर

विकृत पेशींची वाढ थांबवणारे औषध आज उपलब्ध नाही. उपचार असतात ते परिणामांवर. दाबासाठी आधी पाणी तयार होण्याचे प्रमाण कमी करणारे थेंब देतात. बाहुली लहान करणारे पिलोकार्पिनचे थेंब किंवा जाळीवर करायची लेझर येथे सहसा उपयोगी पडत नाही, कारण जाळीवरच पापुद्रा चढलेला असतो. कार्बनिक ॲनहायड्रेज हे विकर (एन्झाइम) रोखणारे थेंब दुबळ्या अस्तराची सूज वाढवू शकतात, तेव्हा ते सुरू केल्यावर सकाळचा धूसरपणा वाढला तर डॉक्टरांना लगेच सांगावे. थेंबांनी भागले नाही तर पाण्याला नवी वाट करून देणारी ट्रॅबेक्युलेक्टॉमी किंवा नळी बसवण्याची शस्त्रक्रिया करतात. पापुद्रा ती वाटही बुजवू शकतो, त्यामुळे शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागण्याची शक्यता आधीच समजावून घ्यावी.

सुजेसाठी ५ टक्के मिठाचे थेंब काही काळ उपयोगी पडतात; दाब उतरवल्यानेही सूज ओसरते. कॉर्निया फारच धूसर झाला तर केवळ अस्तर बदलण्याची प्रत्यारोपण शस्त्रक्रिया करता येते. भोकांमुळे उजेड सहन होत नसेल तर मध्ये बाहुलीएवढी जागा मोकळी असलेली रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स हा साधा आणि चांगला उपाय आहे.

फाईलमध्ये प्रत्येक भेटीच्या तारखेसह दाब, कॉर्नियाची जाडी, कोन किती भागात चिकटला आहे याचे रेखाटन आणि बुबुळाचा एकाच उजेडात काढलेला फोटो असावा. भावंडांची आणि मुलांची तपासणी करावी का, असे जवळजवळ प्रत्येक रुग्ण विचारतो. आजार आनुवंशिक नसल्याने त्याची गरज नसते; स्वतःच्या दुसऱ्या डोळ्याची तपासणी मात्र दर भेटीत करून घ्यावी, कारण त्याच्या अस्तरात कधी कधी सौम्य बदल आढळतात, आणि दुसऱ्या डोळ्यातही तशीच बाहुली सरकू लागली तर निदानाचाच फेरविचार करावा लागतो.